कवितेचा मायना

चांगदेवांची गोष्ट आपल्याकडे शाळेतच कानावर येते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला ते बसले आणि मायन्यालाच अडले. समोरचा मुलगा वयानं कितीतरी लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वयाचा मान आड येतो. काही ठरेना, तेव्हा त्यांनी कोराच कागद पाठवून दिला. त्याला ज्ञानदेवांनी ओव्यांतून जे उत्तर लिहिलं, ती ‘चांगदेव पासष्टी’. अद्वैताचं सगळं तत्त्वज्ञान त्या पासष्ट ओव्यांत आहे, पण सुरुवात होते ती कुठल्याही जुन्या पत्रासारखी, ‘स्वस्ति श्री’नं.

ही गोष्ट मी इंग्रजी कवितेच्या तासाला सांगतो. पर्सी बिश शेलीचं ‘मारिया गिस्बोर्न यांना पत्र’ शिकवण्याआधी तर हमखास. कारण या कवितेवर आमच्यात दरवेळी एकच वाद होतो. ती अवघड आहे, ग्रीक-रोमन संदर्भांनी भरलेली आहे, तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांना व्हल्कन आणि इक्झायन कुठून कळणार, म्हणून ती वगळावी आणि तिच्या जागी काहीतरी सोपं लावावं, असं बरेच सहकारी म्हणतात. त्यांची मुलांबद्दलची कळकळ खरी आहे, त्यात मला शंका नाही. पण निदान चुकीचं आहे. मुलांना अडतं ते व्हल्कनपाशी नाही. कविता कोणाला लिहिली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं, ते तिथे अडतात. आपण मायना खोडतो आणि मग पत्र कळत नाही म्हणून पत्रालाच दोष देतो.

उत्तरपत्रिका तपासताना याचा पुरावा हातात येतो. ‘कवीने या कवितेत उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती व पौराणिक संदर्भ यांचा सुंदर वापर केला आहे’ हे वाक्य एका गठ्ठ्यात किती वेळा वाचावं लागतं! ते गाइडातलं वाक्य आहे आणि ते कुठल्याही कवितेला लागू पडतं, म्हणूनच ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. त्याला गुण मात्र मिळतात, कारण प्रश्नच तसा असतो: कवितेतील प्रतिमा व संदर्भ स्पष्ट करा. मुलं आपण मागतो तेच देतात.

आता पत्र कोणाचं, कोणाला, ते सांगतो. १ जुलै १८२० ही तारीख आणि लिव्होर्नो हे इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. शेली सत्तावीस वर्षांचा आहे. गिस्बोर्न कुटुंब लंडनला गेलंय आणि त्यांच्या रिकाम्या घरात शेली, त्याची बायको मेरी आणि त्यांचं लहान मूल राहायला आलेत. मारिया गिस्बोर्न पन्नाशीच्या आहेत. मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, १७९७ मध्ये, तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट वारली, तेव्हा त्या तान्ह्या मुलीला काही दिवस सांभाळलं ते याच मारियाबाईंनी. पुढे त्यांचे पहिले पती गेल्यावर मेरीच्या वडिलांनी, विल्यम गॉडविननी, त्यांना मागणी घातली होती आणि बाईंनी ती नाकारली. त्यांचा पहिल्या लग्नाचा मुलगा हेन्री रेव्हली इंजिनिअर. तो एक आगबोट बांधत होता आणि तिच्यासाठी शेलीनं पैसे घातले होते. शेली हे पत्र लिहितोय ते हेन्रीच्या कामाच्या खोलीत बसून, त्याच्या हत्यारांच्या आणि कागदांच्या पसाऱ्यात. म्हणजे पत्र ज्यांना जाणार, त्यांचंच घर, त्यांचंच टेबल आणि त्यांच्याच रिकाम्या खुर्च्या लिहिणाऱ्याच्या भोवती आहेत.

एवढं कळलं की अर्धी कविता उघडते.

छंदापासून सुरू करतो, कारण वर्गात त्यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो. तीनशेहून अधिक ओळींची ही कविता दोन-दोन ओळींच्या यमकात आहे, दर ओळीला साधारण दहा सिलॅबल. इंग्रजीत ही मोठी घडवलेली, जुनी जागा. अलेक्झांडर पोपनं १७३५ मध्ये डॉक्टर आर्बथनॉट या आपल्या मित्राला उद्देशून जे पद्यपत्र छापलं, तेही याच यमकात, आणि त्याच्याही मागे रोमन कवी होरेसची पद्यपत्रं उभी आहेत. पोपची जोडओळ तराजूसारखी असते. पहिली ओळ एका पारड्यात, दुसरी दुसऱ्यात, यमकावर काटा स्थिर होतो आणि वाक्य तिथेच मिटतं. शेली तोच तराजू घेतो आणि काटा स्थिर होऊच देत नाही. त्याचं वाक्य यमकावर थांबत नाही, पुढच्या ओळीत उतरतं, मध्येच वळतं, स्वतःला अडवतं, ‘हेन्रीला कळेल मी काय म्हणतोय ते, हसेल तो मला’ असं म्हणून भलतीकडे जातं. कधी दोनाऐवजी तीन ओळींचं यमक जुळून जातं, जणू बोलणारा बोलण्याच्या भरात मोजायचं विसरला. गणिताच्या पुस्तकांचं वर्णन करताना ‘लॉगॅरिदम्स’शी कसलं यमक जुळवावं, तर एका गणितज्ञाच्या आडनावाशी, ‘सिम्स’शी. मोठ्यानं वाचलं की हसू येतं आणि ते यावं म्हणूनच ते तसं आहे.

या मोकळेपणाला ‘स्वच्छंदतावादी कवीनं नियम मोडले’ असं लेबल लावून पुढे जाणं सोपं आहे, पण त्यानं काहीच हाती लागत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी याच माणसानं पश्चिम वाऱ्यावरचं स्तोत्र लिहिलं तेव्हा इटालियन कवी दान्तेची तीन-तीन ओळींची साखळी वापरली आणि ती अशी घट्ट विणली की एक कडी निखळत नाही. त्याला नियम पाळता येत होते. इथे ते सैल केलेत, कारण तो वाऱ्याशी बोलत नाहीये. ज्यांच्यासमोर पाय पसरून बसता येतं अशा बाईंशी तो बोलतोय, आणि तरी वय आणि मान यांचं भान आहे म्हणून यमक सोडलेलंही नाही. घरात धोतर सैल असतं, पण नेसलेलं असतं. हा जो अंदाज आहे, कोणासमोर किती सैल व्हायचं, तोच या कवितेचा आकृतिबंध.

आता सुरुवातीची प्रतिमा. पत्राला वर मायना नाही. पत्र सुरू होतं ते कोळ्यापासून. कोळी कुठेही असो, कवीच्या मनोऱ्यात, तळघरात, गोठ्यात की झाडावर, जाळं विणतोच. तुतीच्या गडद पानांत रेशमाचा किडा आपलं कफन आणि आपला पाळणा एकदमच विणतो. तसाच मी, नीतिमार्तंड ज्याला किडा म्हणतात तो मी, या झिजत्या देहाभोवती विचारांचे तलम धागे विणत बसलोय. इथे गाइड लिहितं, ‘उपमा अलंकार’. हो, आहे. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस मैत्रिणीला लिहिताना पहिल्याच श्वासात स्वतःला किडा का म्हणवून घेतो?

कारण लोक त्याला तसं म्हणत होते. १८१९ मध्ये लंडनच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’नं त्याच्यावर जहरी टीका केली होती, कवितेवर आणि त्याच्या चारित्र्यावरही. मारियाबाईंना ते ठाऊक होतं. शेली ती शिवी उचलतो, पण परत फेकत नाही. तो म्हणतो, किडा म्हणता ना? ठीक आहे, पण कुठला? मराठी वाचकाला हे इंग्रजी वाचकापेक्षाही थेट ऐकू येतं, कारण आपल्याकडे शिवीतला किडा आणि रेशमाचा किडा हा एकच शब्द आहे. एका ओळीत शिवी रेशीम होते. मग तो पुढची सीमारेषा आखतो: हे शब्दांचं भडक जाळं नाही, दिवसभर भुणभुणणाऱ्या माश्या पकडायला विणलेलं. हा मऊ कोश आहे. आपण गेल्यावर आठवणीनं आपल्या नावाला त्यातून पंख द्यावेत, आणि ते नाव मोठं व्हावं ते ज्यांना आपली आठवण ठेवणं भागच आहे त्यांच्या हृदयात. कोळी पकडतो, रेशमाचा किडा विणतो आणि त्यातच मिटतो. छापण्यासाठी लिहिलेली कविता आणि एका माणसासाठी लिहिलेलं पत्र यांतला फरक त्यानं दोन कीटकांत सांगितलाय. पोपच्या त्या पत्रातही कोळी आहे. तिथे तो वाईट लेखक आहे, जाळं तोडलं तरी पुन्हा तेच तकलादू धागे विणणारा, आपल्या फडतूस ओळींच्या मधोमध ऐटीत बसलेला. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वर्गात वाचावेत. एका कवीचा कोळी लोकांना हसण्यासाठी आहे, दुसऱ्याचा कोळी स्वतःला तपासण्यासाठी.

मग येतं टेबल. कवितेतली माझी सगळ्यात आवडती जागा ही, आणि परीक्षेत हिच्यावर कधी प्रश्न येत नाही, कारण हिला अलंकाराचं नाव देता येत नाही. हिशोबाचे गुंतागुंतीचे कागद, त्यांवर निळ्या-पिवळ्या रंगात रेखाटलेल्या आगबोटी आणि लढाऊ जहाजं. राळेचा ढीग. शाई भरलेली फुटकी काच. धूळ खात पडलेली रंगपेटी, काही हुक, अर्धी जळलेली काडी, हस्तिदंताचा ठोकळा. गोलीय भूमितीची आणि शंकुच्छेदांची पुस्तकं, त्यांत गणितज्ञ लाप्लासचं नाव. चिनी मातीचा एक कप, जो आता पूर्वीचा उरला नाही, ज्यातून कोणाचे गोड ओठ ते पेय पीत, डॉक्टर ज्याच्या नावानं बोटं मोडतात. ते पेय म्हणजे चहा. आपण दोघं मेल्यावर चहानं आधी कोण मेलं यासाठी छापा-काटा करू, असंही तो लिहितो. त्यानंतर एक अगम्य वस्तू येते, मध्ये शिसं असलेली, तिचं वर्णन त्याला जमत नाही आणि तो जुना इंग्रज कवी स्पेन्सर याची ओळ पुढे करून ते सोडूनच देतो.

ही यादी कोणासाठी आहे? ज्यांना हा पसारा पाठ आहे त्यांच्यासाठी. लंडनमध्ये बसलेल्या आईला मुलाच्या टेबलावरच्या वस्तू एकेक करून सांगितल्या जातायत. परगावी गेलेल्या माणसाला आपण फोनवर सांगतो, तुझी खुर्ची अजून तिथेच आहे, खिडकीतली कुंडी मात्र मांजरानं पाडली, तेच हे. वस्तूंची नावं घेणं म्हणजे त्या माणसाला घरात आणणं. म्हणून थोड्या वेळानं ‘तुम्ही इथे नाही!’ हे वाक्य येतं तेव्हा ते एवढं लागतं. शंभरावर ओळी त्यानं घर भरलं आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

याच टेबलावर अक्रोडाच्या लाकडाचा एक वाडगा आहे, पाऱ्यानं भरलेला. आधी शेली त्यावरून पाताळात जातो: हा पारा म्हणजे जमिनीखाली राबणाऱ्या खुज्या यक्षांची दारू, ते भूकंपाच्या राक्षसांबरोबर पेले भिडवतात, राक्षस लाव्हानं उत्तर देतात आणि वर शहरं कोसळतात. मग एका ओळीत परत येतो. हा पारा कोणी यक्षानं प्यालेला नाही. तो वाडग्यात पडलाय, चंद्राच्या उजेडानं तस्कनीच्या समुद्रावर जो पट्टा उमटतो त्या रंगाचा. आणि त्यावर मी कागदाची होडी सोडलीय, कारण माझ्यातलं मूल मोठेपणीही मेलेलं नाही. शेलीला कागदी होड्यांचं वेडच होतं, मित्रांनी ते नोंदवून ठेवलंय. पण इथे ती होडी हेन्रीच्या खोलीत आहे. एका बाजूला खरी आगबोट बांधली जातेय, लोखंड, वाफ, दात्यांची चाकं, आणि गुंतवणूकदार स्वतः त्याच टेबलावर पाऱ्यात कागदाची बोट सोडून बसलाय. कवीचं काम आणि यंत्रज्ञाचं काम यांची अशी तुलना त्यानं दुसऱ्या कोणासमोर केली नसती. ज्या आईनं मुलाला यंत्रविद्येकडे जाऊ दिलं आणि या कवीला आपल्या घरात येऊ दिलं, तिलाच ती कळणार होती.

आता संदर्भांकडे येतो, ज्यांच्यामुळे ही कविता ‘अवघड’ ठरते. कामाच्या खोलीतली हत्यारं पाहून शेली म्हणतो, असली यंत्रं तर व्हल्कननं इक्झायनला किंवा त्या टायटनला जखडायला देवांचा राजा जोव्ह याच्यासाठीही घडवली नव्हती. तळटीप सांगेल: व्हल्कन लोहारदेव, इक्झायन चाकाला बांधलेला, टायटन म्हणजे प्रॉमिथ्यूस. बरोबर. पण बाईंना हेही माहीत होतं की शेलीनं नुकतंच प्रॉमिथ्यूसच्या मुक्ततेवरचं नाट्यकाव्य पूर्ण केलंय. म्हणजे हा पुराणातला टायटन त्या दोघांच्या बोलण्यातला रोजचा पाहुणा आहे.

त्यापुढे येतात सेंट डॉमिनिक आणि इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, छळाची हत्यारं, अंगठे चिरडणारे स्क्रू, चाकं, खिळे. स्पेननं इंग्लंडवर जे आरमार पाठवलं त्यातून ही हत्यारं आणली होती आणि ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांखाली मच्छीमारांना सापडली, अशी इंग्रजांतली जुनी समजूत शेली इथे वापरतो. शेक्सपिअर, सिडनी, स्पेन्सर यांना नरकाची थोडी चव द्यायला निघालेले हे परोपकारी, असं तो रागानं म्हणतो. आणि त्याच वाक्यात पुढे: तोच स्पेन आता स्वातंत्र्याच्या चुलीत पुन्हा आग पेटवतोय. ही ओळ लिहिताना बातमी ताजी होती. जानेवारी १८२० मध्ये स्पेनमध्ये लष्करानं उठाव केला आणि मार्चमध्ये राजा सातवा फर्डिनांड याला १८१२ची राज्यघटना मान्य करावी लागली.

हा धागा इथे तुटत नाही. कवितेच्या मध्यावर, आठवणी काढताना, शेली मारियाबाईंना म्हणतो, हे शहाण्या बाई, तुमच्याबरोबर मी त्या देशाची भाषा अंगावर घेतली जो आता स्वतंत्र आहे. त्या दोघांनी मिळून स्पॅनिश वाचलं होतं, काल्देरोनची नाटकं. म्हणजे आरमारापासून राज्यघटनेपर्यंतचा सगळा स्पेन या पत्रात आला तो विद्वत्ता दाखवायला नाही. स्पेन हा त्यांचा एकत्र अभ्यासाचा विषय होता. ज्या बाईंनी ती भाषा वाचायला साथ दिली त्यांनाच तो सांगतोय की तुमची भाषा आता तुरुंग फोडतेय. ‘माझं नाव सेना’ हे बायबलातल्या भुताचे शब्द तो त्या भाषेच्या तोंडी घालतो आणि झपाटलेल्या माणसाचे ते शब्द उठलेल्या लोकांचे होतात. मित्रामित्रांत संदर्भ असाच चालतो. एक शब्द टाकला की दोघांनी मिळून काढलेल्या दुपारच्या दुपारी परत येतात.

गोव्यातल्या किंवा कोकणातल्या वाचकाला इथे आणखी काही ऐकू येईल. इन्क्विझिशन ही त्याच्यासाठी परदेशी गोष्ट नाही. १५६० मध्ये गोव्यात ते सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चाललं. शेलीनं हे पत्र लिहिलं तेव्हा गोव्यातलं न्यायासन बंद होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. तरीही आम्ही वर्गात ‘सेंट डॉमिनिक: एक ख्रिस्ती संत’ एवढीच टीप देतो आणि मुलांना संदर्भ जड जातो म्हणतो.

दुसरा धागा तर सरळ आपल्या दारात येतो. लंडनमध्ये तुम्हाला कोण कोण भेटेल, याची एक माणसांची माळ शेली विणतो. गॉडविन, पडलेला, वाईट दिवसांत सापडलेला, तरी त्याच्याहून थोर कोणी नाही. इथे कवी मिल्टनच्या ओळीचा आवाज आहे. ज्या माणसानं एकेकाळी मागणी घातली होती त्याच्याविषयी त्या बाईंनाच लिहायचं, तो आपला सासरा, पैशांसाठी सतत तगादा लावणारा, आणि तरी थोर. मिल्टनचे शब्द उसने घेतल्यामुळे त्याला हे सगळं न बोलता आदरानं बोलता आलं. संदर्भाचं हेही एक काम असतं, झाकण्याचं. मग कवी कोलरिज, आपल्याच विजेनं आंधळा झालेला, मिचमिच्या घुबडांत बसलेला डोळे झाकलेला गरुड. मग शेलीचे मित्र: हंट, जगाचं मीठ. हॉग, शिंपल्यातला मोती, सगळी दारं लावून बसलेला. त्याच्याबरोबरच शेलीला १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढलं होतं. आणि पीकॉक. पीकॉकबद्दल तो थट्टेनं लिहितो की हा लाजरा पक्षी आता हिंदुस्थानच्या हवेत चमकणारा फ्लेमिंगो झालाय, आणि माणूस लग्न करतो, मरतो किंवा हिंदू होतो तेव्हा त्याची खबर त्याच्या जिवलग मित्रांनाही लागत नाही.

यातली गंमत मारियाबाईंना लगेच कळली असणार. थॉमस लव्ह पीकॉकनं १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी धरली आणि १८२० मध्ये लग्न केलं. तो इकडे कधी आला नाही. पण त्याच्या टेबलावर इकडचे कागद जात होते. पेशवाई जाऊन दोन वर्षं झाली होती, मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर होता, पुण्याच्या मुलखाची व्यवस्था लावणं चालू होतं. शेलीच्या मित्राला पत्र लिहायला वेळ नाही, कारण तो आपल्यावर राज्य करायला शिकतोय! पुढे याच पीकॉकनं कंपनीसाठी वाफेच्या बोटींचा पाठपुरावा केला. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझकडे निघाली. हेन्रीची लिव्होर्नोतली आगबोट मात्र कधी पुरीच झाली नाही. हे सगळं शेलीला माहीत नव्हतं आणि बाईंनाही नाही. हे आपल्याला दिसतं, कारण आपण त्या पत्राचे वाचक आहोत, पण ते आपल्याला लिहिलेलं नाही. मराठी मुलानं ही कविता वाचण्याचं एक खास कारण इथे आहे, आणि तेच कारण आम्ही ‘परकी कविता’ म्हणून फेकून देतो.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकानं केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव, शीर्षक काही न देता नुसत्या कविता वाचायला दिल्या आणि १९२९ मध्ये त्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या प्रयोगानं कवितेच्या शिक्षणाचं भलं केलं. नावाला भुलून ‘वा’ म्हणायची सवय त्यानं उघडी पाडली. त्याच धाटणीत माझे काही मित्र म्हणतात, कविता स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, तुम्ही चरित्र कशाला आणता? चरित्राचा गैरवापर होतो, हे मलाही मान्य आहे. या कवितेबाबत तर तो हमखास होतो. ८ जुलै १८२२ रोजी शेली बोटीतून बुडाला. बोट निघाली होती याच लिव्होर्नोहून. कवितेत कागदाची होडी आहे. कवितेची शेवटची ओळ, ‘उद्या नव्या वनांत, नव्या कुरणांत’, ही मिल्टनच्या ‘लिसिडस’मधून जशीच्या तशी घेतलेली आहे, आणि ‘लिसिडस’ हे बुडून मेलेल्या मित्रावरचं विलापगीत आहे. मग काय, ‘कवीला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती’ हे वाक्य दर गठ्ठ्यात सापडतं.

हे थांबवायचं तर चरित्र फेकून चालणार नाही. पुन्हा मायनाच बघावा लागतो. जुलै १८२० मध्ये लंडनला हे पत्र फोडणाऱ्या बाईंना त्या ओळीत काय ऐकू आलं असेल? मिल्टनच्या कवितेत शोक संपवून मेंढपाळ उठतो, अंगावरचं वस्त्र सावरतो आणि पुढच्या कुरणाकडे निघतो. शेलीच्या मुलाचा, विल्यमचा, आदल्याच वर्षी रोममध्ये मृत्यू झाला होता आणि त्या दुःखात ते लिव्होर्नोला आले होते ते गिस्बोर्न मंडळींच्या शेजारासाठी. तेव्हा बाईंना ऐकू आलं असणार ते एवढंच: आम्ही आता उठतोय, चालू लागतोय. १८२४ मध्ये मेरीनं नवऱ्याच्या मरणोत्तर कवितांच्या संग्रहात हे पत्र छापलं, तेव्हा तीच ओळ तिला वेगळी ऐकू आली असणार. दोन वाचक, दोन अर्थ, आणि दोन्ही खरे. गफलत होते ती दुसरा अर्थ पहिल्यावर थापल्यामुळे.

मुलांना हे झेपत नाही, हे मी मानायला तयार नाही. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेलं ‘अखंड सावधान असावे’ त्यांना ठाऊक असतं. ‘शिवरायांस आठवावे’ ही ओळ मुलाला, बापाबद्दल, बाप गेल्यावर लिहिली आहे हे कळलं की तिचं वजन बदलतं, ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा परीक्षेत संदर्भांच्या टिपा छापूनच द्याव्यात, प्रश्नाच्या खाली, ठळक. पाठांतराचं ओझं काढून टाकावं. आणि विचारावं ते हे: हा संदर्भ याच माणसाला लिहिताना का आला? हीच कविता टीकाकाराला उद्देशून असती तर कुठल्या ओळी गळाल्या असत्या? रात्रीच्या वर्णनात शेली लंडनची भाड्याच्या गाड्यांची कळकट रांग आणि भिंतींवरची राजकारणाची गिचमिड एका बाजूला ठेवतो, इटलीतले काजवे आणि दुरून येणारं शेतकऱ्याचं गाणं दुसऱ्या बाजूला ठेवतो आणि म्हणतो, इटली की लंडन, तुम्हीच बोला. हे निसर्गवर्णन आहे की आर्जव? गाइडाला यातल्या कशाचंच उत्तर आधी छापून ठेवता येणार नाही.

मी स्वतः वर्गात एक गोष्ट आधी करून घेतो. शेवटच्या पंचवीस-तीस ओळी मराठीत आणा, म्हणतो. तिथे शेली बाईंना पुढच्या हिवाळ्यात राहायला बोलावतो: स्पॅनिश, इटालियन, ग्रीक पुस्तकं असतील, मांस फार नाही, दारू नाहीच, पण चहा आणि टोस्ट, रात्री कस्टर्ड, जेली, ग्रँड ड्यूकच्या जंगलातल्या लाकडांची शेकोटी, आणि पुष्कळ गप्पा. इंग्रजीतल्या एका ‘यू’ला मराठीत तीन शब्द आहेत आणि निवडल्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही. चांगदेव अडले तिथेच मुलं अडतात. गेल्या वेळी बहुतेकांनी ‘तुम्ही’ घेतलं, वय बघून. एकानं ‘आपण’ घेतलं, तर बाकीचे म्हणाले, जिच्या कपातून चहा पितो तिला कोणी ‘आपण’ म्हणतं का? मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवा, पण शेवटी तो मज्जातंतूंच्या दुखण्याबद्दल बोलता बोलता मध्येच थांबून नुसतं ‘बरं, या’ म्हणतो ना, तिथे ‘ये’ पाहिजे. दुसरा म्हणाला, पन्नाशीच्या बाईंना? ती म्हणाली, माझ्या आत्याला मी एरवी ‘तुम्ही’च म्हणते, पण ती येणार असली की फोनवर ‘ये गं लवकर’ असंच तोंडातून जातं.